सिमवर बालदी फुकट

मी मोबाईलची कंपनी बदलली ती एका बालदीसाठी. हे मी घरात सरळ शब्दांत अजून कबूल केलेलं नाही. घरात मी 'पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय' असं म्हणतो. सव्वीस वर्षं शाळेच्या ऑफिसात लिपिक म्हणून काढली की कुठल्याही चुकीला टिपणीची भाषा आपोआप सुचते.

झालं असं. शाळेच्या कामाला कणकवलीला गेलो होतो. एसटी स्टँडबाहेर रंगीत छत्रीखाली एक मुलगी टेबल मांडून बसली होती. टेबलावर सिमकार्डं, टेबलाखाली एकात एक घातलेल्या निळ्या बालद्या. (बादलीला आम्ही बालदी म्हणतो. हा शब्द पोर्तुगिजांनी आणला म्हणतात. गळकी बालदी कोणी आणली ते पुढे येईलच.) मुलीच्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'आकांक्षा' असं नाव होतं.

"काका, आत्ता महिन्याचा रिचार्ज कितीचा मारता?"

मी आकडा सांगितला. डॉक्टर एक्स-रे बघताना करतात तसा चेहरा तिने केला. "एवढा? आणि त्यात काय काय वापरता?"

मी काय वापरणार. मी फोन उचलतो आणि ठेवतो. तिने कॅल्क्युलेटर पुढे केला. त्यावरचा फरक मी मनातल्या मनात मासळी बाजाराच्या भाषेत आणला, तेव्हा महिन्याला बांगड्याचे दोन वाटे सुटत होते. वर इनकमिंग चौऱ्याऐंशी दिवस, आणि ही बालदी.

"नंबर तोच राहतो ना?" मी विचारलं. अगदीच बावळट नाही मी.

"पोर्ट केलात तर तोच राहतो. पण पोर्टिंगवर बालदी नाही, काका. बालदी नव्या नंबरवर."

एका बाजूला अठरा वर्षांचा नंबर, दुसऱ्या बाजूला वीस लिटरची बालदी. मी बालदीला टिचकी मारून बघितली. नंबरला टिचकी मारता येत नाही, हा त्याचा दोष.

परतीच्या एसटीत बालदी मांडीवर घेऊन मी एका जुन्या परिपत्रकाच्या पाठीवर फायदे-तोटे लिहून काढले. फायद्यांचा रकाना ओसरगावपर्यंत पुरला. तोट्यांच्या रकान्यात 'नंबर बदलतो' एवढंच होतं, आणि त्याच्यापुढे मी कंसात 'किरकोळ' लिहिलं. मग त्याखाली सही केली. सवय.

घरी मर्लिनने, म्हणजे माझ्या बायकोने, आधी बालदी बघितली आणि मग मला. "ही खंयसून हाडलंस?"

मी कंपनी, प्लॅन, बांगडे वगैरे समजावून सांगितलं. तेवढ्यात आमची मुलगी रॉविना हातातलं ताट ठेवून उठली.

"पप्पा, जुनो नंबर चालू आसा ना?"

तिच्या काळजीचं कारण आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. म्हापशाच्या नेल्सनचं आणि तिचं जमलं होतं. मुलगा बोटीवर इलेक्ट्रिशियन. दोन दिवसांपूर्वीच तो बोटीवर चढला होता आणि आता दीड महिना भर समुद्रात, फोन नाही की काही नाही. जाण्याआधी त्याने आपल्या आईला माझा नंबर देऊन ठेवला होता. आई वेरोनिका जुन्या वळणाची. मागणीचं बोलणं मोठ्यांनी मोठ्यांशी करायचं, पोरांनी मध्ये पडायचं नाही, असा तिचा शिरस्ता. तेव्हा मागणीचा फोन येणार तो माझ्यावर, आणि माझ्या जुन्या नंबरावर.

"आसा गो," मी म्हटलं. "दोन सिमांचो फोन तो. जुना कार्ड दुसऱ्या खोबणीत घातलंय."

यात खोटं काहीच नव्हतं. कार्ड खोबणीत होतंच. फक्त त्याचा रिचार्ज आदल्या दिवशी संपला होता, आणि रिचार्ज संपलेलं कार्ड म्हणजे रिटायर झालेला हेडमास्तर. खुर्ची सोडत नाही आणि कोणी विचारत नाही. पण मला वाटलं, इनकमिंग काय, येतच राहत असेल. (असं वाटणारा महाराष्ट्रातला मी शेवटचा माणूस होतो, असं पुढे रिचार्जच्या दुकानदाराच्या चेहऱ्यावरून कळलं.)

आता तोटे सुरू झाले.

पहिला तोटा म्हणजे नव्या कंपनीची रेंज आमच्या घरात येत नसे. ओटीवर नाही, माडाखाली नाही. सबंध परड्यात ती एकाच जागी मिळे, विहिरीजवळच्या कपडे धुवायच्या दगडावर. त्यावरही उभं राहून, तोंड उगवतीकडे आणि डावा हात वर. मग मी फोन स्पीकरवर टाकून त्या वर केलेल्या हातात धरत असे. दुसरा तोटा बालदीचा. विहिरीवरून भरून निघालं की मोरीपर्यंत पोचेतो ती अर्धी होई. मर्लिनने त्या पाण्याच्या रेषेवर अळू लावलं. ते छान आलं, हे मी फायद्यात धरलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दगडावर चढलो आणि फोन वाजला.

"घाडीनू, डोंबिवलीहून तुळसा बोलतंय. एक गाऱ्हाणा घालूचा होता."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे काही अडलं-नडलं की गावच्या देवापुढे गाऱ्हाणं घालतात. तो मान घाड्याचा. घाडी अंगणात उभा राहून देवाला मोठ्या आवाजात सगळी अडचण सांगतो आणि ज्याची अडचण तो मध्ये मध्ये 'व्हय म्हाराजा' म्हणत राहतो. हल्ली मुंबईची माणसं हे फोनवरही करून घेतात.

"राँग नंबर," मी म्हटलं. "मी आंतोन लुद्रिक."

फोन बंद झाला. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. कल्याणहून कोणी महादू, त्याच्या भावाने कुंपण सरकवलं होतं. मग विरारचे दोघे. तीन दिवसांत असे एकोणीस फोन आले. मला दिलेला नंबर नवा नव्हता. तो धुऊन वाळवून पुन्हा घातलेला होता, आणि आधी तो लवू घाड्याचा होता.

लवू घाडी आमच्या पलीकडच्या वाडीत राहतो. मी त्याच्याकडे गेलो. तो पायरीवर बसून काजू सोलत होता.

"लवू, तुझी माणसां माका फोन करतत. तुझो नवो नंबर दी, मी तेंका सांगतंय."

"नको रे बाबा," लवू घाबरून म्हणाला. "ह्या फोनांक कंटाळानच तो नंबर सोडलंय. माजो घसो बसलो. डॉक्टरान बोलूक बंदी घातल्यान."

"मगे मी तेंका काय सांगू? राँग नंबर, राँग नंबर म्हणान माझा त्वांड दुखला."

"तसा सांगा नको हां. माणूस अडचणीत असताना देवाक फोन लावता, आनी तू राँग नंबर म्हणतंस. तेका वाटताला देवानच फोन कट केल्यान."

"पण लवू, मी क्रिस्तांव."

"तुज्या नंबराक ता खंय ठावक आसा?" लवूने एक गर तोंडात टाकला. "कोणाचा वायट मागा नको, कोणाकडसून काय घेव नको. बाकी देव बघून घेतलो."

असा मला परवाना मिळाला. तरीही मी गाऱ्हाणं घालणार नव्हतो. पण तुळसाबाईचा पुन्हा फोन आला तेव्हा ती रडत होती. गावाकडे तिच्या भावाची गाय दोन दिवस उभीच राहिली नव्हती. मी आजूबाजूला बघितलं. मर्लिन बाजारात होती. मी घसा खाकरला आणि लवूची आठवण करून जाड आवाज काढला.

"बा देवा म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा," तुळसाबाई डोळे पुसत म्हणाली.

"आज ही तुळसा तुका हाक मारता. तिच्या भावाची गाय आडवी पडली हा. जी काय नजर, जी काय पीडा आसात ती भायर काढ आनी गायीक चार पायांवर उभी कर रे म्हाराजा."

दुसऱ्या दिवशी गाय उभी राहिली. (जनावरांचे डॉक्टरही त्याच दिवशी येऊन गेले होते, पण ते कोणी लक्षात घेत नाही.) झालं, डोंबिवलीत माझं नाव झालं. म्हणजे लवूचं झालं, पण आवाज माझा. फोन वाढले. मी रोज संध्याकाळी शाळेतून येऊन चहा घेऊन दगडावर चढू लागलो. खरं सांगतो, मला ते आवडायला लागलं. सव्वीस वर्षं ऑफिसात माझ्या कुठल्याही वाक्यावर कोणी 'व्हय म्हाराजा' म्हटलेलं नव्हतं.

मर्लिनला रविवारी कळलं, आणि तेही चर्चमध्ये. फादरनी प्रार्थना संपवली, सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं आणि मी मागून खणखणीत आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हटलं. फादरनी मान उंचावून मागे बघितलं. घरी आल्यावर मी सगळं सांगितलं.

"हयसर आमेन, थंयसर व्हय म्हाराजा," ती म्हणाली. "मधी मी खंय उभी रवू, ता तरी सांग."

पण खरं दुखणं वेगळंच होतं. म्हापशाहून फोन येत नव्हता. रॉविना दवाखान्यातल्या कामावरून परत आली की दारातच विचारायची, "पप्पा, फोन इलो?" मी म्हणायचो, "नाय गो." पहिले चार दिवस ती हसून आत जायची. मग हसणं बंद झालं. मग विचारणंही बंद झालं, नुसती माझ्याकडे बघायची. पंधराव्या दिवशी तिने तिच्या आवडीची तिसऱ्यांची एकशिपी, म्हणजे शिंपल्यांचं सुकं, ताटात तशीच ठेवली आणि मला फार वाईट वाटलं. राग आला तो अर्थात म्हापशाच्या लोकांचा.

"मोठी माणसां ती," मी मर्लिनला म्हटलं. "चेडू पसंत नाय तर तसा सांगा. फोन करूकसुद्धा जड झालो? काय ही रीत?"

सोळाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी दगडावर असताना एका बाईचा फोन आला. बोलणं गोव्याकडचं.

"घाडी न्हय? म्हजी शेजान्न वेंगुर्ल्याची, तिणें नंबर दिलो. आमी क्रिस्तांव, पूण चलता मूं?"

"चलता, बाय. देवाक सगळे सारके. अडचण सांग."

"म्हज्या पुताचें लग्न आडकलां. चेडूं बरें, म्हाका पसंत. पूण तिच्या बापायचो फोन लागना. सोळा दीस लायतां, सोळा दीस बंद. मुद्दाम बंद दवरला. ताका आमचें घर नाका आसतलें."

इकडे माझी पोर फोनची वाट बघत झुरते आहे आणि तिकडे असा एक बाप फोन बंद ठेवून बसला आहे. मला आलेला राग मी आवरला नाही.

"खयचो बापूस गो हो? चेडवाची मागणी येवची आसा आनी हो फोन बंद ठेवता?"

"तेंच म्हणटां हांव. क्लार्क म्हणटात खंय. भारी चिकट. रिचार्जाचे पयशे वाटायतलो."

"शिरा पडो तेच्या चिकटपणार," मी म्हटलं. "तू फकत व्हय म्हाराजा म्हण. बाकी माझ्यार सोड."

आणि मी सुरू केलं. त्या दिवशी माझा आवाज असा लागला की विहिरीतून उलट ऐकू येत होता.

"बा देवा म्हाराजा…"

"हय म्हाराजा."

"आज ही माऊली आपल्या झिलाचा लगीन घेवन तुज्या पायाशी इली हा. ह्या कामात ज्या बापसान खुटी मारल्यान, तेका सुबुद्धी दी."

"हय म्हाराजा."

"तेचो बंद पडलेलो फोन उद्या चर्चातल्या मिसाच्या आदी चालू जावंदे. तेची मूठ सोड. साखरपुड्याक तेच्या हातान परतेक पानात सुरमयची जाड तुकडी पडांदे, एक न्हय, दोन. खारो बांगडो दाखवन वऱ्हाडाक फशीवलो, तर तेका आयुष्यभर गळक्या बालदीन पाणी भरूक लाव रे म्हाराजा."

(बालदीची शिक्षा मी ऐन वेळी सुचून घातली. अनुभवाची होती.)

"हय म्हाराजा, हय म्हाराजा," बाई गहिवरली होती.

"तर असो हो जो कोण चिकट बापूस…" इथे नाव घ्यावं लागतं. देवाला पत्ता नीट लागतो. "नाव काय तेचा?"

"आंतोन लुद्रिक. मालवणचो."

मी दगडावरून सरळ अळवात पडलो. फोन हातात होता तो वर राहिला, मी खाली. रेंज गेली म्हणून लगेच पुन्हा दगडावर चढलो. गुडघा फुटला होता.

"हालो? हालो? घाडी?"

"आसय," मी म्हटलं. आवाज जाड ठेवायचा की बारीक करायचा ते कळेना. "बा देवा म्हाराजा. हो जो आंतोन आसा, तो तसो गरीब माणूस. तेका सांभाळून घे."

"आदीं मूठ सोड म्हळां आनी आतां सांबाळून घे?" वेरोनिकाबाईचा आवाज कडक झाला. "फाल्यां मिसाउपरांत हांव निमाणो, शेवटचो फोन लायतां. लागलो ना जाल्यार दिवाडेचें एक चेडूं आयलां, ताका हय म्हणटां."

"लागतलो," मी म्हटलं. "उद्या लागतलोच. देवान आयकल्यान."

देवाचं मला माहीत नाही, पण मी ऐकलं होतं. स्कूटर काढून लंगडत मी मालवणच्या बाजारात गेलो. दुकानदाराला म्हटलं, जुन्या नंबराचा सगळ्यात मोठा रिचार्ज मार, वर्षाचा. तो बघतच राहिला. "सोळा दिवस इनकमिंगसुद्धा बंद होतं, काका. कळलं नाही?" मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. महिन्याला दोन वाट्यांच्या हिशेबाने वाचणारे सगळे बांगडे त्या एका क्षणात समुद्रात परत गेले.

घरी येऊन जुनी रेंज बघितली. ओटीवर आरामखुर्चीत बसल्या बसल्या चार दांड्या.

रविवारी मिसाहून आलो आणि फोन वाजला. मर्लिन आणि रॉविना समोर येऊन उभ्या राहिल्या. मी उचलला आणि जितका बारीक काढता येईल तितका आवाज काढला.

"हॅलो. मी आंतोन लुद्रिक बोलतोय."

मर्लिनने माझ्याकडे असं बघितलं, की हा कोण परका माणूस आपल्या ओटीवर बसलाय. रॉविना कपाळाला हात लावून खांबाला टेकली. पलीकडे वेरोनिकाबाई हळूच म्हणाली, "देवा, लागलो मरे." आणि पंधरा मिनिटांत मागणी झाली, तारीख ठरली. फोन ठेवला तेव्हा रॉविना माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडलो. माझ्याच मुलीचं लग्न मी सोळा दिवस अडवून धरलं होतं, आणि तिने मला विचारलं काय, तर "पप्पा, आवाजाक काय झाला? थंडी बाधली?"

नेल्सन बोटीवरून परतल्यावर साखरपुडा झाला, तेव्हा मी प्रत्येक पानात सुरमईच्या दोन तुकड्या घातल्या. जाड. मर्लिनने विचारलं, "तुका बरा आसा ना?" वेरोनिकाबाई मात्र एकेका पानावरून नजर फिरवत तुकड्या मोजत गेली आणि शेवटी तिने आकाशाकडे बघून हात जोडले. मग मर्लिनला कोपऱ्यात ओढून ती बराच वेळ काहीतरी कुजबुजली आणि एक चिठ्ठी तिच्या हातात कोंबली. मी त्या दिवसभर तोंडावर रुमाल धरून बारीक आवाजात बोलत होतो. सगळे म्हणाले, बापसाचं मन हळवं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दगडावर चढलो. आता हे काम सोडायचं, लवूला सांगायचं, एवढं मनाशी ठरवलेलंच होतं. तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, 'मर्लिन'.

मी मान वळवली. मर्लिन स्वयंपाकघराच्या दारात, माझ्यापासून बारा पावलांवर, कानाला फोन लावून उभी होती. हातात कालची चिठ्ठी.

"काय गो?" मी फोनमध्ये म्हटलं.

"घाडीनू," ती फोनमध्ये म्हणाली, "माज्या विहिणीन तुमचो नंबर दिल्यान. मोठो पॉवरफुल घाडी म्हणाली. एक गाऱ्हाणा घालूचा होता."

माझा डावा हात आपोआप वर गेला होता.

"माजो घोव बालदी बघून सिम घेता," मर्लिन सांगू लागली. "चेडवाक खोटा सांगता. सोळा दीस ती जेवली नाय, तो गायी उभ्यो करी होतो. तेका आता काय ता तुमीच सांगा देवाक."

जाड नाही की बारीक नाही, माझा स्वतःचाच आवाज निघाला.

"बा देवा म्हाराजा… हो आंतोन चुकलो. तेका माफ कर."

"व्हय म्हाराजा," मर्लिन म्हणाली. ते मला एकदा फोनमधून आणि एकदा दारातून ऐकू आलं. मग थोडं थांबून ती म्हणाली, "आनी तेका एक बरी बालदी हाडूक बुद्धी दी. विकत."

"व्हय म्हाराजा," हे मीच म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर बाजारात गेलो. चांगली जाड, कड्यांची बालदी निवडली, पाणी भरून तपासली, किंमत न कुरकुरता दिली. बालदी बांधून देताना दुकानदार म्हणाला, "काका, स्कीम चालू आसा. बालदीवर सिम फुकट."

मर्लिनला अजून काही सांगितलेलं नाही.